आठ महिने ‘आर’मध्ये अवशेष तपासल्यानंतर

गेल्या आठवड्यात ५,२०० नोंदींच्या रिग्रेशनचे (एका राशीचा इतर राशींवरून अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचे) अवशेष, म्हणजे प्रत्यक्ष आणि अंदाजित मूल्यांतील फरक, प्रसामान्य (घंटाकृती) वितरणात बसतात का हे पाहणाऱ्या शापिरो-विल्क चाचणीला दिले, तेव्हा नमुना ३ ते ५,००० नोंदींचाच हवा असे सांगून ‘आर’ या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरने हात वर केले, आणि आठ महिन्यांच्या वापराचा हिशेब मांडायला निमित्त मिळाले. सशुल्क सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नूतनीकरण परवडेना म्हणून मी इकडे वळलो. फुकटच्या वस्तूला नावे ठेवताना संकोच वाटतो, तरी एका गोष्टीबद्दल गप्प बसवत नाही.

मॉडेलवर प्लॉट ही कमांड चालवली की चार आलेख येतात आणि प्रत्येकात तीन बिंदूंवर क्रमांक छापलेले असतात. ते बिंदू सदोष असतात असे नाही. डेटा कितीही निर्दोष असला तरी सर्वांत टोकाच्या तिघांना क्रमांक मिळतोच. हे ठाऊक नसल्याने मी दुसऱ्या एका, ९२ नोंदींच्या डेटातून त्या तीन नोंदी वगळून मॉडेल पुन्हा बसवले, तर नवे तिघे हजर. चार फेऱ्यांत ९२ नोंदींच्या ८० झाल्या, आणि ओळींना जुनेच क्रमांक राहत असल्यामुळे ८० नोंदींच्या आलेखावर ८७ क्रमांकाचा बिंदू मला वाकुल्या दाखवत होता. खरे तर चौथ्या आलेखातील कुक-अंतराच्या (एखादी नोंद वगळल्यास मॉडेल किती बदलते याच्या मापाच्या) ०.५ आणि १ या तुटक रेषांकडे आधी पाहायला हवे होते. एकही बिंदू त्यांच्या जवळपास नव्हता.

शापिरोच्या मर्यादेवर मात्र तक्रार लिहिता लिहिताच माझे मत बदलले. एवढ्या मोठ्या नमुन्यात प्रसामान्यतेपासूनचे किरकोळ विचलनही पी-मूल्य ०.०५ च्या खाली नेते, म्हणजे चाचणी प्रसामान्यता नाकारते, आणि मॉडेलच्या गुणकांच्या अनुमानाला त्याचा फारसा धक्काही लागत नाही. त्या ५,२०० नोंदींच्या मॉडेलच्या क्यू-क्यू आलेखात (अवशेषांची प्रसामान्य वितरणाशी तुलना करणाऱ्या) बिंदू रेषेवरच होते, फक्त टोके किंचित उचललेली. खरा दोष तिसऱ्या आलेखात होता: अंदाजित मूल्यांबरोबर लाल रेषा चढत गेली होती, म्हणजे अवशेषांचे विचरण (पसारा) समान नव्हते, आणि त्यामुळे प्रमाण त्रुटींवर (गुणकांच्या अनिश्चिततेच्या मापांवर) विश्वास ठेवता येत नव्हता. ‘एलएमटेस्ट’ पॅकेजमधील, विचरण समान आहे का हे तपासणाऱ्या ब्रॉइश-पेगन चाचणीनेही तेच सांगितले. अवलंबी चलाचा (ज्याचा अंदाज बांधायचा त्या राशीचा) लॉग घेतल्यावर रेषा जवळजवळ आडवी झाली.

आता प्रत्येक वेळी ‘आयडी.एन’ (किती बिंदूंवर क्रमांक छापायचे ते ठरवणारी सेटिंग) शून्य करूनच आलेख काढतो. मुळातच ते शून्य का ठेवले नाही, हे अजून पटत नाही. वगळलेल्या बारा नोंदींपैकी अकरा परत घेतल्या. बाराव्या नोंदीत दशांश चिन्ह खरोखरच चुकले होते.