गोळे-काड्यांचा संच की उठावाच्या आकृत्या?

फोंड्याच्या एका शिक्षिकेला प्रश्न पडलाय. वर्गात एक दृष्टिहीन मुलगी, रसायनशास्त्र शिकवायचंय आणि पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत: गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे बंध, असे जोडून रेणू बनवायचा संच, की बोटांनी चाचपता येणाऱ्या उठावाच्या आकृत्या.

समजण्याच्या बाबतीत संच फार पुढे. कागदावर मिथेनचा रेणू (एक कार्बन, चार हायड्रोजन) अधिकच्या चिन्हासारखा, 90 अंशांचा वाटतो. हातात घेतला की चार हायड्रोजन चार दिशांना लागतात, 109.5 अंशांवर. फळ्यावरून हे डोळस मुलांनाही उमगत नाही. मात्र संचात अणू रंगांवरून ओळखायचे असतात. म्हणून ऑक्सिजनच्या गोळ्यावर पॉलिश पेपरचा तुकडा, नायट्रोजनवर दोऱ्याचा वेढा असं काही चिकटवावंच लागतं.

खर्च संचाचा एकदाच. आकृत्यांना तापवल्यावर काळ्या रेषा फुगणारा खास कागद लागतो, तोही दर आकृतीला नवा, शिवाय तापवायचं यंत्र. आपल्या पावसाळ्यात कागद सर्दावतो, बोटांखाली रेषा झिजतात त्या वेगळ्याच.

पण आवर्तसारणी, आलेख, उपकरणांची मांडणी संचातून शिकवता येत नाही. यंत्र असलेली संस्था जवळ असेल आणि हेच धडे जास्त असतील, तर आकृत्या घ्या. दहावीच्या कार्बनी संयुगांसाठी संचच हवा. बाई, तुम्ही संच घ्या. आलेख पुठ्ठ्यावर सुतळी आणि फेविकॉलने घरीही होतात.