मराठी स्पीच इंजिन म्हणून आमच्या गळ्यात मारलेलं हिंदी मॉडेल

रावेर-यावल पट्ट्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा फोन सकाळपासून खणखणत असतो. आज केळीचा भाव काय, कापणीला माणसं कधी येणार, बिल जमा झालं का. हे प्रश्न मशीननेच ऐकून मराठीत उत्तर द्यावं म्हणून आम्ही व्हॉइस बॉट बसवून घेतला. ज्यांनी तो बसवला तीच मंडळी आता इतर उत्पादक कंपन्या आणि पतसंस्थांकडे कोटेशन घेऊन फिरताहेत, म्हणून हे लिहितोय.

कोटेशनमध्ये होतं: 'आम्ही स्वतः विकसित केलेलं मराठी स्पीच इंजिन' (म्हणजे बोललेलं ऐकून त्याचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर), प्रत्येक फोन लाइनमागे वार्षिक लायसन्स फी, आणि सगळं काही आमच्याच सर्व्हरवर, इंटरनेटशिवाय चालेल अशी हमी. ऑफिसात लॅपटॉपवर डेमो दाखवला. आम्ही बोललो ते शब्द न् शब्द स्क्रीनवर उमटले. संचालक मंडळाने पावणेदोन लाख आगाऊ दिले.

बॉट सुरू झाला आणि शेतकऱ्यांना एकच उत्तर मिळू लागलं, 'माफ करा, समजलं नाही.' तक्रार केली तर म्हणाले, "तुमच्या लोकांची भाषाच अशुद्ध आहे. बॉटला ट्रेनिंग द्यावं लागेल, त्याचे पैसे वेगळे." याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. आमच्याकडे लेवा गणबोलीत डोळ्याला डोया म्हणतात, त्यामुळे हे कारण काही संचालकांना पटलंही. पण मी स्वतः फोनवरून छापील मराठीत प्रश्न विचारले, तरी तेच.

मग मी कॉलचे लॉग, म्हणजे बॉटने काय ऐकलं याच्या लेखी नोंदी, काढून वाचले. 'केळी'चं 'केली' झालेलं. 'पन्नास'चं 'पचास'. 'नाही'चं 'नहीं'. पानंच्या पानं उलटली, ळ हे अक्षर एकदाही सापडलं नाही. लिपी देवनागरीच असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला शुद्धलेखनाच्या चुका वाटाव्यात, आणि त्यांचा डाव त्यावरच उभा होता.

सर्व्हर आमच्या पैशाचा, पण रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा देणारा पासवर्ड, आम्हाला दिलेला नव्हता. एका संचालकांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने रिकव्हरी मोडमधून पासवर्ड बदलला आणि फोल्डर उघडले. 'स्वतः विकसित केलेलं इंजिन' म्हणजे वोस्क हे बोलणं ओळखणारं मोफत सॉफ्टवेअर, आणि त्यात टाकलेलं छोटं हिंदी मॉडेल, म्हणजे हिंदी ओळखायला शिकवलेली फाइल. आकार पन्नास एमबीच्याही आत, कोणीही फुकट उतरवून घ्यावं असं. असं मॉडेल आपल्या शब्दसंग्रहातलेच शब्द लिहू शकतं. त्यात 'केळी' नाहीच, तर ते जवळचा 'केली' पकडणार. शेतकऱ्याने कितीही स्वच्छ उच्चार केला तरी! लाइनमागे लायसन्स लावलेलं फोनचं सॉफ्टवेअर निघालं अॅस्टरिस्क. मार्क स्पेन्सर यांनी 1999 मध्ये सुरू केलेलं, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचं, ज्याला लाइनमागे फी नसते. उत्तर देणारा 'नैसर्गिक मराठी आवाज' ईस्पीक एनजी या मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, तोही मोफत.

मुक्त सॉफ्टवेअर बसवून देण्याची मजुरी घेणं पूर्णपणे रास्त आहे. डायलप्लॅन (आलेल्या कॉलचं काय करायचं याचे नियम) लिहिणं, सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोन लाइन) जोडणं, बॉटचे प्रश्न-उत्तरं बांधणं ही कष्टाची कामं आहेत आणि त्यांचे पैसे आम्ही आनंदाने दिले असते. पण दुसऱ्याच्या मोफत कामाला आपलं म्हणणं आणि हिंदीला मराठी म्हणून विकणं ही शुद्ध लबाडी.

डेमो इतका चांगला कसा झाला, तेही उलगडलं. त्यांनी डेमोची स्क्रिप्ट सर्व्हरवर तशीच सोडली होती. ती आवाज एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडला पाठवून मजकूर परत आणत होती. शिवाय लॅपटॉपचा माइक. साध्या फोन लाइनवर आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुनेच येतात. बहुतेक मॉडेलं 16,000 वर शिकवलेली असतात. फोन लाइनवर गळून गेलेले उंच पट्टीचे ध्वनी नंतर कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत. म्हणून लॅपटॉपवरचा डेमो मान्यच करू नका. तुमच्याच एखाद्या शेतकऱ्याला बांधावरून, वारा सुटलेला असताना फोन लावायला सांगा. इंटरनेटशिवाय चालतं म्हणत असतील तर केबल काढून दाखवायला लावा. इंजिन कोणतं, मॉडेल कोणत्या भाषेचं, परवाना कोणता, हे करारात नावानिशी लिहून घ्या. रूट पासवर्ड पहिल्या दिवशी तुमच्या हातात हवा, आणि मोठा हप्ता तुमच्या माणसांचे कॉल नीट समजू लागल्यावरच द्या.

मराठीसाठी पर्याय नाहीत असं नाही. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटाची मराठी मॉडेलं खुली आहेत, व्हिस्पर या बोलणं ओळखणाऱ्या खुल्या मॉडेललाही मराठी येतं. तेही आपल्या बोलीवर तपासूनच घ्यावं लागतं.

धंद्यासाठी केलेली खरेदी म्हणून ग्राहक आयोगाची वाट आम्हाला अवघड आहे, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे दिली आहे. सोबत कोटेशन, लॉग, मॉडेलच्या फोल्डरचे स्क्रीनशॉट आणि सर्व्हरच्या डिस्कची प्रत जोडली आहे. तुमच्याकडे असाच बॉट बसवलेला असेल तर त्या लोकांना दुरुस्तीसाठी बोलावण्याआधी ही प्रत काढून ठेवा. आमच्याकडे पासवर्ड बदलल्याचं कळताच त्यांचा 'मोफत अपग्रेड' करून देतो म्हणून फोन आला होता.