जुनी डिझेल ब्रेझा घ्यावी का? दोन बघितल्या, त्याचं सांगतो

गेले दोन महिने रविवार आला की आमचं एकच काम, जुनी ब्रेझा बघायला जाणे, तीपण डिझेलच. आईवडील साताऱ्याला, दर पंधरा दिवसांनी पुण्याहून फेरी असते, पेट्रोल परवडत नाही आणि नवीन गाडीचं बजेट नाही. डिझेल ब्रेझा 2016 ला आली आणि 2020 ला बीएस सिक्स (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) लागू झालं तसं मारुतीने डिझेलच बंद केलं, म्हणजे जी काय मिळेल ती याच चार वर्षांतली. त्यातही 2018 च्या मे नंतरचीच बघा. ऑटो गिअरवाली आली तेव्हापासून दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत ते) खालच्या व्हेरियंटलाही आलं, त्याआधी पॅसेंजरची एअरबॅग ऑप्शनल होती आणि विकणारा हे आपणहून सांगत नाही.

पहिली गाडी एका डीलरकडे बघितली. पांढरी, चकाचक, मीटरवर 46 हजार. "साहेब डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना फक्त." दवाखाना बहुतेक नागपूरला असावा, कारण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. मग टायर बघितले. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर 2121 आणि स्टेपनी मात्र 2018 ची! म्हणजे पहिला सेट तीन वर्षांतच संपला. सर्व्हिस हिस्ट्री काढली तर 2021 लाच 71 हजार झालेले. डीलरला फोन केला तर म्हणे मीटर बदललंय साहेब. विषय संपला.

दुसरी साताऱ्यात, मेहुण्याच्या ओळखीतले एक रिटायर सर आहेत त्यांची. नोव्हेंबर 2018 ची व्हीडीआय (डिझेलचं एक व्हेरियंट), 88 हजार किलोमीटर, एकच मालक, सगळी बिलं फाइलला लावून ठेवलेली (सरच ते). यवतेश्वरच्या घाटात चालवली. इंजिन तेच 1248 सीसीचं, मूळ फियाटचं, स्विफ्ट डिझायरमध्ये पण हेच, त्यामुळे कुठल्याही गावात मेकॅनिक मिळतो. पण 2000 आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली असते, वळणावर तिसऱ्या गिअरवरच राहिलात तर मागचा हॉर्न मारणार, दुसरा टाकावाच लागतो. एकदा टर्बो लागला की मग मात्र मजा आहे, चार माणसं बसलेली जाणवत नाहीत. आतलं प्लॅस्टिक कडक आहे, मागे तिसरा माणूस अंग चोरून बसतो, डिकी 328 लिटरची, आमच्या तांदळाच्या पोत्याला पुरे. सांगली कोल्हापूरकडची गाडी असेल तर 2019 आणि 2021 चा पूर लक्षात ठेवा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला गाळाचा डाग आहे का बघायचं, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का हात फिरवून बघायचं. सरांच्या गाडीत तसलं काही नाही.

अडलंय कशावर तर कागदावर. लोन केव्हाच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, बँकेची एनओसी जुनी झालेली, नवीन आणून फॉर्म 35 भरून आरटीओतून ते नाव काढल्याशिवाय गाडी आपल्या नावावर होणार नाही. सरांना स्पष्ट सांगितलं, आधी ते करा मग पैसे. ते म्हणाले इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पण तुम्हालाच, तर तसं नसतं, तो त्यांचा, आपला हप्ता वाढणार. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

5 लाख 90 मागितले होते. क्लच फार वर पकडतोय, लवकरच टाकावा लागेल असं आमच्या मेकॅनिकने सांगितलं, त्यावरून 5 लाख 60 वर आलेत. 5 हजार टोकन दिलंय, पावती घेऊन. आणि हो, स्टेपनी 2018 चीच आहे, पण जॅक अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आहे, सरांनी तो आयुष्यात उघडलेला नाही.