‘लॉक्ड फाइल, तपासली नाही’ : या एका ओळीने 288 डॉलर 95 सेंटला फसवलं

रिपोर्टमध्ये 38 ओळी होत्या आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच शब्द : ‘लॉक्ड फाइल, तपासली नाही’. फोनवरचा माणूस म्हणाला, “व्हायरसने या फायलींना आतून कडी लावून घेतली आहे, म्हणून तुमच्या अँटिव्हायरसला आत जाता येत नाही.” आधी 39 डॉलर 95 सेंट ‘क्लीनर’चे. त्याने 38 पैकी एकही ओळ गेली नाही, म्हणून ‘तज्ज्ञा’चे 249. एकूण 288 डॉलर 95 सेंट.

‘संगणकात व्हायरस आहे’ असा खोटा पॉप-अप, त्यातला ‘मदती’चा नंबर, फोनवरच्या माणसाला दिलेला स्क्रीनचा ताबा हे सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. सांगायचंय ते त्या ओळींबद्दल, कारण रिपोर्ट खोटा नव्हता. माझ्याच अँटिव्हायरसचा होता. खोटा होता तो त्याचा लावलेला अर्थ.

यादीत पहिलंच नाव पेजफाइल.सिस. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, अपुरी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर ज्या फायलीत ठेवतं, ती ही. मशीन चालू असेपर्यंत विंडोजचा गाभा ती उघडी धरून ठेवतो आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. खाली स्वॅपफाइल.सिस, हायबरफिल.सिस. मग सिस्टम32 या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्या कॉन्फिग फोल्डरमधल्या सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टम या फायली, म्हणजे खुद्द रजिस्ट्री, विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. या लॉक असतात म्हणूनच संगणक चालतो. त्या ज्याला वाटेल त्याला उघडता आल्या असत्या, तर ते घाबरण्यासारखं होतं. आणि ओळीत शब्द ‘तपासली नाही’ होता. ‘बाधित’ हा शब्द 38 ओळींत एकदाही नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं.

दुसऱ्यांदा थांबायला हवं होतं ते ‘साफसफाई’च्या वेळी. त्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप केली, मग डिस्कची मोकळी जागा दाखवली : एका क्षणात 6.4 जीबी वाढलेली. “बघा, एवढा व्हायरस निघाला.” त्याने दिलेला हुकूम होता ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off). त्याने हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद करायची सोय, बंद होतं आणि ते काम जिच्यात जपलं जातं ती हायबरफिल.सिस पुसली जाते. विंडोज 10 मध्ये ही फाइल साधारणपणे रॅमच्या 40 टक्के असते. रॅम 16 जीबी, त्याचे 40 टक्के 6.4. आकडा तंतोतंत जुळतो. व्हायरस कसला, माझीच फाइल पुसून मलाच दाखवली. वर त्याच फायलीवर चालणारं फास्ट स्टार्टअप, म्हणजे झटपट सुरू होण्याची सोय, तीही बंद पडली आणि संगणक उशिरा सुरू व्हायला लागला. कुणाचं असं झालं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून तीच ओळ ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ (on) लिहून द्या, फाइल परत तयार होते.

लोक म्हणतील, एवढं कळायला नको होतं का? नाही कळत. विंडोज या फायली मुद्दाम दडवून ठेवतं. ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूण काढल्याशिवाय त्या दिसतही नाहीत. जी फाइल आयुष्यात पाहिली नाही, तिचं नाव अचानक ‘लॉक्ड’ म्हणून समोर आलं तर माणूस घाबरणारच. अँटिव्हायरसवाल्यांना तिथे ‘विंडोजच्या वापरात आहे’ एवढं लिहायला काय जात होतं?

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पैशाचं नाही. ‘कुलूप काढतो’ म्हणून त्याने सिस्टम32 वर ‘टेकओन’ आणि ‘आयसीएसीएलएस’ हे फायलींची मालकी आणि परवानग्या बदलणारे हुकूम चालवले. या फायलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे असते, त्या कुणी चुकून किंवा मुद्दाम बदलू नये म्हणूनच. आता कुठलाही फालतू प्रोग्राम तिथे लिहू शकत होता. ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ हा विंडोजचा दुरुस्तीचा हुकूम बिघडलेली फाइल बदलून देतो, पण उधळलेल्या परवानग्या सगळ्या जागेवर येतील याची खात्री नाही. शेवटी विंडोजच्या इन्स्टॉलेशन मीडियावरून सेटअप चालवून, ‘फायली आणि अ‍ॅप्स ठेवा’ निवडून दुरुस्ती करावी लागली.

बँकेत गेले तर फॉर्मवर दोनच पर्याय : ‘कार्ड चोरीला गेलं’ किंवा ‘वस्तू मिळाली नाही’. घाबरवून, खोटं बोलून पैसे घेतले, याला रकानाच नाही. “व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय ना?” हे तिघांनी तीनदा विचारलं. पोलिसांकडे गेले तर म्हणे कंपनीचा पत्ता आणा. पत्ता असता तर मीच गेले असते! तांत्रिक अहवाल द्यायला घेतला तर “हे कॉम्प्युटरचं आम्हाला कळत नाही, सेवा आवडली नाही असं लिहा.” सेवा आवडली नाही? फसवणूक आणि नापसंती यातला फरक कळत नसेल तर तक्रार घ्यायला बसता कशाला? हे करता येत नाही असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या सरकारी संस्थेने 2019 मध्ये ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांना मिळून 3 कोटी 50 लाख डॉलर भरायला लावले. आरोप हाच : तपासणीचा निकाल संगणकावरून ठरतच नव्हता, आधी विचारलेल्या प्रश्नांपुढच्या खुणांवरून ठरत होता. 2024 मध्ये खोटी भीती दाखवून संगणक-दुरुस्ती विकणाऱ्या रेस्टोरो आणि रिइमेज या कंपन्यांकडून 2 कोटी 60 लाख डॉलर. मनात असलं की होतं.

फाइल कुणी धरून ठेवलीय ते स्वतः बघा : विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर, सीपीयू टॅब, ‘असोसिएटेड हँडल्स’मध्ये नाव टाका. धरणारा ‘सिस्टम’, पीआयडी (प्रोग्रामचा चालू क्रमांक) 4 असेल तर तो विंडोजचा गाभा आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. अनोळखी प्रोग्राम असेल तर मात्र चौकशी करा. खरंच शंका असेल तर डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावा. ते रीस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे एरवीची ही कुलुपं तेव्हा नसतात. साधारण 15 मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

888डीसीए60 ने सुरू होणारा लांबलचक आकडा दाखवून कुणी ‘हा फक्त तुमच्या संगणकाचा क्रमांक’ म्हणाला तर फोन ठेवा. तो प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणाही धडधाकट संगणकात असतातच.

आणि ताबा एकदा दिला असेल तर नुसती खिडकी बंद करून भागत नाही. माझ्याकडे ताबा घ्यायला वापरलेला रिमोट प्रोग्राम सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप सुरू होणारा, बसवलेला निघाला. नेट तोडा, सर्व्हिसेसची यादी उघडा, तो थांबवून काढून टाका, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. कार्डही बदलून घ्या. त्या 249 च्या पावतीत तळाला बारीक अक्षरात ‘वार्षिक नूतनीकरण’ लिहिलेलं होतं.