जुनं नजरगहाण सोडवताना भेटलेल्या वकीलबाई

कसबा पेठेतल्या आमच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांनी खासगी सावकाराला दिलेल्या नजरगहाणाचा (म्हणजे ताबा न देता घर तारण ठेवल्याचा) बोजा तसाच होता. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या या वकीलबाईंनी १९६३ च्या मुदत कायद्यातला अनुच्छेद ६२ समोर ठेवला: रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षांत दावा लावला नाही, तर वसुली मुदतबाह्य. पण लगेच विचारलं, "मधे कुणी कर्ज मान्य करून सही दिली होती? थोडे पैसे भरले होते?" मुदत संपण्याआधी तसं झालं असेल तर १२ वर्षं नव्याने मोजतात. म्हणून ट्रंकेतला प्रत्येक कागद त्यांनी स्वतः वाचला. इतकी आस्था मी क्वचितच पाहिली! मुदत संपली तरी नोंद आपोआप जात नाही. ती काढण्यासाठी नगर भूमापन कार्यालयातला अर्जही त्यांनीच नीट लिहून दिला. फी आधीच सांगितली, तेवढीच घेतली.