देवस्थानाच्या अग्रशाळेतील व्हीलॅन: स्विच आणि ओपीएनसेन्स फायरवॉल यांचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थानात पावत्यांचे संगणक, अग्रशाळेत उतरणाऱ्या भाविकांचे वाय-फाय आणि आवारातील कॅमेरे गेल्या वर्षापर्यंत एकाच नेटवर्कवर होते; जत्रेच्या दिवसांत खोलीत बसलेल्या कोणाच्याही मोबाइलवरून हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचणे शक्य होते. देवाच्या पैशांचा हिशेब असा उघड्यावर असणे मला सहन होत नव्हते, म्हणून नेटवर्कचे व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळे आभासी भाग, पाडायचे ठरवले. त्यासाठी समितीच्या संमतीने १६ पोर्टांचा मॅनेज्ड स्विच (केबली जोडण्याची, मांडणी बदलता येणारी पेटी) आणि ओपीएनसेन्स ही प्रणाली घातलेली छोटी फायरवॉल (कोणती वाहतूक जाऊ द्यायची हे ठरवणारी पेटी) घेतली.

या दोहोंमध्ये एकच केबल आहे. ८०२.१क्यू मानकाप्रमाणे तिच्यावरील प्रत्येक फ्रेमला (माहितीच्या तुकड्याला) ४ बाइटांचा टॅग (ओळखचिठ्ठी) लागतो आणि त्यातील क्रमांकावरून ती फ्रेम कोणत्या व्हीलॅनची, हे दोन्ही टोकांना कळते. आम्ही कार्यालयाला १०, भाविकांना २० आणि कॅमेऱ्यांना ३० हे क्रमांक दिले.

स्विचबद्दल माझी पहिली तक्रार त्याच्या मांडणीची आहे. पोर्ट एखाद्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड म्हणून (त्यातून बाहेर जाणाऱ्या फ्रेमचा टॅग काढून) घालणे एका पानावर आणि त्या पोर्टचा पीव्हीआयडी (आत येणारी बिनटॅगची फ्रेम कोणत्या व्हीलॅनची मानायची तो क्रमांक) बदलणे दुसऱ्याच पानावर. ५ क्रमांकाचा पोर्ट मी २० मध्ये घातला, लॅपटॉप जोडला, तर त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, म्हणजेच आपोआप पत्ता देणाऱ्या डीएचसीपीचे उत्तर आलेच नव्हते. पीव्हीआयडी अजून १ च होता; तो २० केला, केबल काढून पुन्हा लावली आणि १९२.१६८.२०.१०१ हा पत्ता लगेच आला.

खरा त्रास राउटिंगचा, म्हणजे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पाकिटे पोहोचवण्याचा, झाला. आमच्या स्विचला स्वतःलाही राउटिंग करता येते, आणि बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने कार्यालयाचा गेटवे (व्हीलॅनबाहेर जाण्याचे दार) फायरवॉलवर, कॅमेऱ्यांचा मात्र स्विचवर ठेवला. परिणाम असा की कार्यालयातून कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित जाई, पण त्याचे पान काही केल्या उघडत नसे. जाणारी पाकिटे फायरवॉलमधून जात होती आणि उत्तरे तिला वळसा घालून स्विचवरून थेट परत येत होती. संवादाची एकच बाजू दिसल्यामुळे फायरवॉल पुढची पाकिटे अडवत होती. दोन दिवस आम्ही रेकॉर्डरलाच दोष देत राहिलो. शेवटी स्विचवरचे राउटिंग बंद करून तिन्ही गेटवे फायरवॉलवर आणले आणि पान उघडले. आपल्याएवढ्या जागेत हेच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कोणी कोणाकडे जावे हे ठरवणारी जागा एकच राहते.

ओपीएनसेन्सवर मात्र मी मनापासून समाधानी आहे. नव्या व्हीलॅनचा इंटरफेस (फायरवॉलवरील जोडणी) जोडला की नियम लिहीपर्यंत त्यावरून आत येणारी वाहतूक बंदच असते. डीएचसीपी सुरू केल्यावर पत्ता मिळतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. सुरुवातीला हे गोंधळात टाकते, तरी सुरक्षिततेसाठी हीच पद्धत बरी. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून भाविकांच्या इंटरफेसवर आधी डीएनएसला (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेला) परवानगी, मग सर्व खासगी, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, पत्त्यांना बंदी आणि शेवटी इंटरनेटला मोकळीक असा क्रम ठेवावा लागला. कार्यालयातून कॅमेऱ्यांकडे जाण्याचा एक नियम पुरतो, उत्तरासाठी वेगळा नियम लागत नाही. काय अडले ते लाइव्ह व्ह्यूमध्ये (चालू नोंदींच्या पानावर) लाल ओळीत त्याच क्षणी दिसते. नवख्या माणसाला याहून मोठी मदत नाही.

वेगाची भीती अनाठायी ठरली. व्हीलॅन बदलणारी वाहतूक त्याच केबलवरून जाते आणि परत येते हे खरे, परंतु कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग ३० मध्येच राहते आणि फायरवॉलपर्यंत येतच नाही.

स्विचबद्दलची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. 'अप्लाय' दाबल्यावर बदल लागू होतात, पण कायम राहण्यासाठी वेगळे 'सेव्ह' दाबावे लागते आणि त्याची आठवण तो कुठेही करून देत नाही. जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात वीज गेली, आणि ती परत आली तेव्हा सोळाही पोर्ट पुन्हा व्हीलॅन १ मध्ये जाऊन बसले होते. त्या दिवशी अभिषेकाच्या पावत्या दुपारपर्यंत हाताने फाडाव्या लागल्या. आता स्विचच्या मांडणीची फाइल कार्यालयाच्या संगणकावर आहे आणि पोर्टांचा तक्ता छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.