सिम्युलेशनच्या नावाखाली आम्हाला गंडवलं, सोन्याच्या प्लांटवर काम करणाऱ्यांनी वाचा

मी टांझानियात गेटा शहराच्या बाजूला एका छोट्या सोन्याच्या प्लांटवर मेटलर्जिस्ट आहे. तासाला दहा टन दगड, तो दळायला एक बॉल मिल, सोनं विरघळवायला सायनाइडच्या सहा टाक्या, बस एवढाच पसारा. टनामागे 3.2 ग्रॅम सोनं असतं आणि त्यातलं 72 टक्केच हाती लागायचं, बाकी सगळं टेलिंगमध्ये, म्हणजे शेवटी टाकून द्यायच्या गाळात. मालक रोज डोकं खायचा. तेवढ्यात एक कन्सल्टंट भेटला, पुण्याचा, म्हणाला कॉम्प्युटरवर तुमचा अख्खा प्लांट उभा करतो आणि रिकव्हरी 85 च्या वर नेतो. इतक्या लांब कोणी मराठीत बोललं की माणूस तिथेच विरघळतो हो, मीच मालकाच्या मागे लागून 60 टक्के अ‍ॅडव्हान्स द्यायला लावला.

डेमो झकास होता, मालक तर मोबाईलवर शूटिंग करत होता. पण हा बाबा दोन दिवस प्लांटवर राहिला आणि एक सॅम्पल घेतलं नाही! मिलमध्ये जाणारा माल म्हणजे फीड, बारीक-जाड वेगळं करणाऱ्या सायक्लोनच्या वरची-खालची धार, सगळीकडे सॅम्पल घ्यायचं, चाळण्या मारायच्या, हे केल्याशिवाय सॉफ्टवेअरला आपला प्लांट कळणार कसा? मला हे माहीत होतं आणि तरी मी गप्प बसलो.

रिपोर्टमध्ये काय, तर दळण 106 मायक्रॉनवरून 75 वर आणा. आणलं. आता बारीक दळायचं म्हटल्यावर मिल वेळ घेणारच, दहा टनांचे साडेसात झाले आणि रिकव्हरी झाली फक्त 74. म्हणजे दिवसाला साडेपाचशे ग्रॅम निघणारं सोनं सव्वाचारशेवर आलं, दोन टक्के कमवायला गेलो आणि रोजचं सव्वाशे ग्रॅम घालवलं.

मग रात्री रिपोर्ट घेऊन बसलो तर एका टेबलात फीड तासाला 400 टन! आमच्या चाळीसपट. बाँड वर्क इंडेक्स, म्हणजे दगड दळायला किती वीज लागेल ते सांगणारा आकडा, तोही छापलेला, आणि आमचा दगड तर कुठल्या लॅबला गेलाच नव्हता. दुसऱ्याच कुठल्या तरी प्लांटचा रिपोर्ट, वर नाव तेवढं आमचं.

सिम्युलेशन वाईट नाही, नीट करणारे लोक आहेत. पण पैसे सोडायच्या आधी एवढंच म्हणा, आमचा प्लांट आज जसा चालतोय तेच आकडे आधी तुझ्या मॉडेलमधून काढून दाखव. आमच्यावाल्याला 72 सुद्धा काढता आले नसते.

खरा घोळ दगडातच होता. आमचा दगड हातात घेतला की बोटं काळी होतात, त्यातला कार्बन सायनाइडमध्ये विरघळलेलं सोनं परत ओढून घेतो, आणि बारीक दळून आम्ही तो उलट जास्तच मोकळा केला. दोन बाटल्यांत तोच दगड, तेच सायनाइड घालून 24 तास फिरवल्या, एकीत नारळाच्या करवंटीचा कार्बन टाकला, दुसरीत नाही. हा कार्बनही सोनं ओढतो, पण त्याच्यातून ते परत काढता येतं. टाकलेल्या बाटलीच्या टेलिंगमध्ये सोनं बरंच कमी. आमच्याकडे हा कार्बन शेवटच्या तीन टाक्यांतच असायचा, तोपर्यंत दगडाने सोनं गिळलेलं असायचं. आता पहिल्या टाकीपासून टाकतोय, दळण परत 106 वर नेलंय, मागच्या आठवड्यात 79 आलं.

कन्सल्टंटचं उरलेल्या 40 टक्क्यांचं बिल आलंय, मालकाने मेलला उत्तर म्हणून फक्त त्या 400 टनवाल्या टेबलाचा फोटो पाठवला.